हाताची मुले, डोक्याची मुले



स्मरणिकेच्या संपादकीयात संस्थेच्या वर्षभराच्या कार्याचा आढावा घ्यावा, देणगीदारांचे आभार मानावेत आणि नव्या पिढीला चार उपदेशाचे शब्द सांगावेत, असा आपला प्रघात आहे. कार्याचा आढावा सचिवांच्या अहवालात आला आहे आणि आभारांसाठी स्वतंत्र पान आहे. उपदेशाचे म्हणाल तर नवी पिढी तो ऐकत नाही, हे आपण सारेच जाणतो. म्हणून यंदा या जागेचा उपयोग वेगळ्या कारणासाठी करीत आहे. यंदाच्या जयंतीच्या भोजनाच्या वेळी दोन तरुण माता माझ्याकडे आल्या. एकीच्या मुलाच्या शाळेने कळवले होते की, तो ‘पाहून शिकणारा’ आहे. दुसरीच्या मुलीविषयी शाळेचे मत होते की, ती ‘करून शिकणारी’ आहे. “डॉक्टरसाहेब, आता आम्ही घरी काय करायचं?” असा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना त्या वेळी नीट उत्तर दिले नाही. जे उत्तर द्यायला हवे होते, ते येथे लिहीत आहे.

२००६ साली माझी मुलगी तिसरीत होती. पालक-शिक्षक भेटीत तिच्या बाईंनी एक रंगीत, प्लास्टिक चढवलेले कार्ड आमच्या हाती दिले. त्यावर दोन उघड्या तळहातांचे चित्र होते. बाई अतिशय प्रेमळ होत्या. त्यांनी वर्गातील सर्व मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती आणि तीवरून आमची कन्या ‘हातांनी शिकणारी’ असल्याचे निष्पन्न झाले होते. यापुढे तिला लांबलचक उताऱ्यांचा त्रास देणार नाही, माती, ठोकळे, पुठ्ठे यांच्या साह्याने शिकवू, असे त्या म्हणाल्या. सौभाग्यवतींना आनंद झाला. मला मात्र घरी येईपर्यंत काहीतरी टोचत राहिले, आणि काय टोचते आहे हे त्या रात्री उशिरा उमगले.

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. १९८८ साली, महाराष्ट्रातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शवविच्छेदन कक्षात. मराठी माध्यमाच्या खेड्यातील शाळेतून आलेला मी पहिल्या वर्षाला होतो. काखेतील मज्जातंतूंचे जाळे मी बरेच स्वच्छ मोकळे करून दाखवले. तेथील एका डेमॉन्स्ट्रेटरने ते पाहिले आणि सर्वांसमक्ष म्हटले, “वा! तुमच्या लोकांचा हात छान चालतो. पाठांतर मात्र तुमच्याकडून व्हायचं नाही.” दोघे-तिघे हसले. आज हे लिहिताना जी गोष्ट सर्वांत अधिक बोचते ती ही की, मला त्या दिवशी बरे वाटले होते. कोणीतरी माझी स्तुती केली होती! पुढचे तीन महिने मी शरीरक्रियाशास्त्राचे पुस्तक फारसे उघडलेच नाही. ते ‘आपले काम’ नव्हे, असे मनाने घेतले होते.

त्या बाई आणि तो डेमॉन्स्ट्रेटर यांना एका पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. एकीच्या मनात माया होती, दुसऱ्याच्या मनात जात होती. परंतु दोघांचा निदानविधी एकच होता : मुलाच्या जन्मजात प्रकृतीचा शोध लावायचा, तिला नाव द्यायचे, आणि त्या नावाला शोभेल तेवढेच त्याच्या पुढ्यात ठेवायचे. ज्या समाजाला शेकडो वर्षे ‘तुझे काम हाताचे, डोक्याचे नव्हे’ असेच सांगण्यात आले, त्या समाजाच्या मुलामुलींसाठी हे कार्ड निरुपद्रवी नाही. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. कोणी काय शिकावे हे जन्मावरून ठरवण्याची ती रीत होती. संस्कृत ते पुढे स्वतःच्या प्रयत्नाने शिकले.

आता या देशातील शिक्षणाकडे वळू. कारण हे कार्ड ज्या विचारातून निघाले तो मुळात आपल्या बाजूचा विचार आहे, हे विसरता कामा नये. अमेरिकेतील बहुसांस्कृतिक शिक्षण हे नागरी हक्कांच्या लढ्याचे अपत्य आहे. १९७४ साली ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात येथील सर्वोच्च न्यायालयापुढे सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषिक मुलांचा प्रश्न आला. इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १८०० मुलांना शाळेत कसलीही वेगळी मदत मिळत नव्हती. शाळेचे म्हणणे, आम्ही सर्वांना तेच वर्ग, तीच पुस्तके, तेच शिक्षक देतो. न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याला भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. समतेचा हा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच वर्षी रामिरेझ आणि कास्तानेडा या दोन अभ्यासकांचा ग्रंथ आला. मेक्सिकन वंशाची मुले माणसांच्या संदर्भात, आपुलकीच्या वातावरणात शिकतात, तर शाळा एकेकट्याने, स्पर्धेने शिकणाऱ्या मुलांसाठीच रचलेल्या आहेत, असा त्यांचा रोख होता. दोष मुलांचा नसून शाळेचा आहे, हे सांगण्याचे धैर्य त्यात होते. मुलांना दोन्ही रीती अवगत व्हाव्यात, अशीच त्यांची इच्छा होती. पण विचार प्रवासाला निघाला की त्याचे सामान वाटेत बदलते. न्यूयॉर्कमधील रिटा डन व केनेथ डन यांनी अध्ययनशैलींचा मोठा पसारा मांडला. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची ‘वार्क’ प्रश्नावली आली : पाहणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे आणि करणारे. ‘ही शाळा सर्वांना का शिकवू शकत नाही?’ हा मूळ प्रश्न होता. त्याच्या जागी ‘हे मूल कोणत्या जातीचे आहे?’ हा प्रश्न केव्हा येऊन बसला, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. जात हा शब्द मी येथे मुद्दाम वापरला आहे. चार वर्ण तर आयतेच तयार आहेत.

वैद्याच्या दृष्टीने या गोष्टीची परीक्षा सोपी आहे. रक्त चढवण्यापूर्वी आम्ही गट तपासतो, कारण चुकीच्या गटाचे रक्त दिले तर रुग्णाला अपाय होतो आणि तो डोळ्यांना दिसतो. अध्ययनशैली हीदेखील अशीच खरी वस्तू असेल, तर तिचाही पुरावा तसाच दाखवता यायला हवा. मुलांचे ‘पाहणारे’ आणि ‘ऐकणारे’ असे गट करावेत. प्रत्येक गटातील निम्म्या मुलांना, चिठ्ठ्या टाकून, चित्रांनी शिकवावे आणि निम्म्यांना ऐकवून. नंतर सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. पाहणारे चित्रांनी आणि ऐकणारे श्रवणाने सरस ठरले, तरच शैलीचा गट जुळवण्याला अर्थ आहे. २००८ साली पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि बियोर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन याच कसोटीवर तपासले. या पद्धतीचे प्रयोग फारच थोडे झालेले आढळले, आणि जे झाले होते त्यांतील बहुतेकांनी या समजुतीला आधार दिला नाही. त्यापूर्वी २००४ साली इंग्लंडमध्ये कॉफील्ड व सहकाऱ्यांनी अध्ययनशैलींचे ७१ निरनिराळे आराखडे मोजले होते. एका आजाराची ७१ निदाने असतील तर वैद्य काय समजतो, हे वाचकांना सांगायला नको.

याचा अर्थ असा नव्हे की सर्व मुले एका साच्यातील आहेत. आवडीनिवडी असतात. कोणाला चित्र आवडते, कोणाला गोष्ट. पण आवडणे वेगळे आणि त्यानेच शिकता येणे वेगळे. मला गोड आवडते, म्हणून माझी प्रकृती गोडाची आहे असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. किंबहुना काय शिकवायचे आहे यावरच रीत ठरते. नकाशा आंधळेपणाने ऐकून कळत नाही आणि उच्चार नुसता पाहून येत नाही. हृदयाचा मर्मर ओळखायला मला कानच लागला, तेथे माझी ‘शैली’ कोणीही विचारली नाही. आणि एकच गोष्ट पाहून, ऐकून, करून, पुन्हा आठवून पाहिली तर ती सर्वांच्याच मनात अधिक टिकते, केवळ अमुक गटाच्या नव्हे.

मग संस्कृतीचे काय? घरच्या रीतीचा शिकण्याशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि फार खोल आहे. हवाई बेटांवर १९७० च्या दशकात कामेहामेहा प्रकल्पाखाली मूळ हवाईयन मुलांसाठी एक शाळा चालवली गेली. ही मुले वाचनात मागे पडत. शिक्षकांनी लक्ष देऊन पाहिले तेव्हा दिसले की, घरी ही मुले एकमेकांच्या बोलण्यात बोलणे मिसळून, सर्वांनी मिळून गोष्ट सांगतात. वर्गात मात्र हात वर करून एकेकट्याने बोलण्याची सक्ती होती. वाचनाच्या तासाला तसे मिसळून बोलण्याची मोकळीक दिली, लहान गटांत मुलगे-मुली एकत्र बसवले, गोष्टीच्या अर्थावर भर दिला, आणि मुले वाचू लागली. याच कथेचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. १९८० च्या दशकात तीच पद्धत ॲरिझोनातील रफ रॉक येथे नवाहो मुलांसाठी नेली. तेथे ते गट चालेनात. नवाहो मुलगे आणि मुली वेगवेगळे, दोघा-तिघांच्या गटात बसवल्यावर काम होऊ लागले. गोष्टीचे तुकडे करून चर्चा केलेली त्यांना रुचेना, त्यांना गोष्ट आधी अखंड ऐकायची होती. ‘आदिवासी मुलांची शैली’ नावाचे एखादे कार्ड छापले असते, तर ते हवाईत खरे आणि ॲरिझोनात खोटे ठरले असते. दोन्हीकडे उपयोगी पडली ती मुलांकडे निरखून पाहण्याची शिक्षकांची तयारी.

दुसरे उदाहरण महाविद्यालयीन आहे आणि ते माझ्या फार जवळचे आहे. बर्कली येथे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरी ट्राइसमन या तरुण गणितज्ञाला प्रश्न पडला की, हुशार म्हणून निवडून आलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये का नापास होतात आणि चिनी वंशाचे का पुढे जातात? प्राध्यापकांना विचारले तर उत्तरे तयार होती : इच्छा नसते, पाया कच्चा असतो, घरून पाठबळ नसते, गरिबी असते. ट्राइसमनने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी विद्यार्थी कसा अभ्यास करतात ते प्रत्यक्ष त्यांच्यात राहून पाहिले. वरील एकही कारण टिकले नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्ट पुष्कळ करीत, पण बहुतेक सारे एकेकटे. मित्र वेगळे आणि अभ्यास वेगळा. चिनी विद्यार्थी आधी एकटे बसत, मग एकत्र येऊन गणिते ताडून पाहत आणि एकमेकांच्या चुका काढत. ट्राइसमनने यातून काय केले? ‘कृष्णवर्णीय मुले एकट्याने शिकणारी असतात’ असे सूत्र काढले नाही, कच्च्यांचा वर्गही काढला नाही. अधिक अवघड गणिते देणारी, मानाची अशी सामूहिक कार्यशाळा सुरू केली. तीत आलेले विद्यार्थी चांगल्या गुणांनी पार पडू लागले. एका समूहाची उपयोगी सवय दुसऱ्याला शिकता येते, एवढे साधे सत्य त्यात होते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या वसतिगृहाची गच्ची आठवली. त्या तीन महिन्यांनंतर सत्र-परीक्षेत मी शरीरक्रियाशास्त्रात नापास झालो. तेव्हा आपल्याच समाजातील एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने आम्हा पाच जणांना रोज रात्री गच्चीवर बोलावण्यास सुरुवात केली. आम्ही त्याला दादा म्हणत असू. रोज एकाने पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर खडूने आकृती काढून शिकवायचे, आधी मराठीत, मग इंग्रजीत, आणि इतरांनी आडवेतिडवे प्रश्न विचारायचे. “ज्याला शिकवता येत नाही त्याला अजून कळलेलं नाही,” असे दादा दरडावून सांगे. माझा हात चांगला चालतो की डोके, याची चौकशी त्याने कधी केली नाही. आम्ही पाचही जण पास झालो.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, ते या संदर्भात पुन्हा वाचावे. खेड्यातील शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे ज्ञान, आरोग्य हे विषय असावेत आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील, प्रसंगी नांगराच्या मुठीला हात लावण्यास न लाजणारे असावेत, असे त्यांनी मांडले. आजच्या परिभाषेत हे संस्कृतीशी नाते सांगणारे शिक्षण होय. पण शूद्रातिशूद्रांची बुद्धी वेगळ्या घडणीची आहे म्हणून त्यांना शेती शिकवा, असे जोतीरावांनी म्हटले नाही. शिक्षक आणि शाळा यांनी बदलावे, ही त्यांची मागणी होती.

अशा प्रसंगी धम्मपरंपरेतील चूळपंथकाचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि शैलीवाल्यांनाही ते आवडेल. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. स्वतः विद्वान असलेल्या थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला संघातून निघून जाण्यास सांगितले आणि जीवक वैद्याच्या घरच्या भोजनातून वगळले. तथागतांनी त्याला दारातच गाठले, एक स्वच्छ वस्त्र हाती दिले आणि ‘रजोहरणं’ असे म्हणत ते चोळीत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि अनित्यता त्याला कळली. (पुढील चमत्काराचा भाग आपण सोडून देऊ.) चूळपंथक ‘हातांनी शिकणारा’ होता, असे कोणी म्हणेल. पण भगवंतांनी त्याच्यासाठी सोपा, खालच्या पायरीचा धम्म निवडला नाही. जे ज्ञान महापंथकाला, तेच चूळपंथकाला. वाट तेवढी दुसरी घेतली, आणि तीही त्या एका माणसाला समोर पाहून. जीवकाच्या घरी ‘विहारात अजून एक भिक्षू आहे’ म्हणून ते भोजनाला थांबून राहिले, हे तर मी व्यवसायबंधू म्हणून विशेष ध्यानात ठेवले आहे.

माझ्या व्यवसायालाही या रोगाची बाधा झालेली आहे. विविध संस्कृतींच्या रुग्णांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण आम्हाला घ्यावे लागते, आणि ते आवश्यकच आहे. पण २०१७ साली एका मोठ्या प्रकाशनसंस्थेला परिचर्येच्या पाठ्यपुस्तकातील एक पान क्षमा मागून मागे घ्यावे लागले. कोणत्या वंशाचा, कोणत्या धर्माचा रुग्ण वेदना कशी व्यक्त करतो, याची तेथे यादीच दिली होती! आपल्या मुलांना तर अशा यादीत जागाच नसते. शाळेच्या ‘भारत दिना’ला त्यांच्या हाती पणती दिली जाते आणि घरी बुद्धवंदना असते, हे सांगण्याचा त्यांना संकोच वाटतो. कॅलिफोर्नियातील सहावीच्या इतिहासात प्राचीन भारत येतो. त्यातील जातीचे वर्णन सौम्य करावे यासाठी २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये केवढा आग्रह धरला गेला आणि आपल्या तरुणांनी सॅक्रामेंटोला जाऊन कशी साक्ष दिली, हे आपल्याला ठाऊक आहे. एका संस्कृतीचे एकच कार्ड छापले की, ते कोणाच्या घरी छापले गेले हे पाहावे लागते.

आता त्या दोन मातांना थेट सांगतो. कार्ड फेकून देऊ नका, शिक्षकांशी भांडूही नका. एवढेच विचारा की, माझ्या मुलाला वर्गातील सर्वांइतकेच वाचायला, लिहायला आणि अवघड गणिते करायला मिळतात ना? त्यांतून काय कमी केले आहे? आणि एक गोष्ट शैलीशी जोडून गफलत करू नका. मूल वाचायला टाळत असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. डिस्लेक्सिया, अवधानाचा दोष या खऱ्या, तपासून ठरवता येणाऱ्या अवस्था आहेत. १९७५ च्या संघीय कायद्यापासून अशा मुलांसाठी व्यक्तिगत शिक्षण-आराखडा हा हक्क आहे. पालकांनी तपासणीची मागणी लेखी करावी. तपासणीला खर्च पडत नाही, आणि पालकांची संमती मिळाल्यापासून ती पूर्ण करण्याची मुदत ६० दिवसांची, किंवा त्या राज्याने ठरवलेली असते. आपल्या समाजात हे लाजेने लपवले जाते. ‘आधीच लोक नावे ठेवतात, त्यात आणखी हे कशाला?’ असे एका वडिलांनी मला विचारले होते. त्यांचे भय मला कळते, पण त्या मुलाची दोन वर्षे त्यात गेली. निदान आणि शिक्का यांतील भेद मला असा दिसतो : निदानामुळे मुलाला काहीतरी अधिक मिळते, शिक्क्यामुळे काहीतरी काढून घेतले जाते.

माझ्या मुलीकडून वाचन काढून घेतले गेले होते, आणि आम्ही ते पाहत होतो. सहावीत एकदा मी तिच्यासाठी पुस्तक आणले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “बाबा, मी वाचणारी नाही. मी हातांनी शिकणारी आहे.” त्या रात्रीपासून तिची आई आणि मी आळीपाळीने रोज वीस मिनिटे तिच्यासोबत मोठ्याने वाचू लागलो. दीड वर्ष ती कंटाळत, रडत वाचत होती. आज ती वकील आहे, दिवसभर कागदपत्रांत बुडालेली असते, आणि रविवारी मातीची भांडी घडवते.

शेवटी आपल्या घराकडे बोट दाखवणे भाग आहे. आपला रविवारचा धम्मवर्ग आठवा. मुले रांगेत बसतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात, अर्थ विचारला की एकमेकांकडे पाहतात. बारा वर्षांनंतर ती येणेच बंद करतात आणि आपण ‘येथील हवा लागली’ म्हणतो. दोन ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्षूंनी बुद्धवचन छंदात बांधावे अशी विनंती केली तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि आपापल्या बोलीत धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली, असे विनयपिटकात आहे. आमच्या मुलांची बोली आज इंग्रजी आहे, हे मान्य करायला आम्हाला पंचवीस वर्षे लागली. कार्यकारिणीने ठरवले आहे की, येत्या जानेवारीपासून वर्गाचा पहिला अर्धा तास वंदना आणि तिचा अर्थ, आणि दुसरा अर्धा तास मुलांनीच एकमेकांना शिकवण्याचा. वयाने मोठी मुले लहानांना शिकवतील, फळा त्यांच्या हाती असेल, आणि प्रश्न विचारण्यास कोणालाही मज्जाव नसेल. चूळपंथकाचे छोटे नाटकही मुलांनी स्वतःच लिहायला घेतले आहे, महापंथकाची भूमिका करायला मात्र अजून कोणी तयार नाही. एक मोठा फळा आणि दर रविवारी दोन पालक हवे आहेत. ज्यांना येणे शक्य आहे त्यांनी सचिवांकडे नाव द्यावे.

आपला नम्र,
संपादक